मागील खतात नमूद केल्याप्रमाणे

३ फेब्रुवारी

दादा, नमस्कार.

फोन करून पाहिला. तू दर वेळी "कोण, गॅसवाला का?" म्हणालास आणि ठेवून दिलास. कानाचं यंत्र काय टेबलाच्या खणात ठेवायला घेतलंयस? म्हणून हे पत्र.

तुझ्या शेजारचं, म्हणजे आता माझ्या शेजारचं, घर विकलं गेलं. दातांचे डॉक्टर राहायला आलेत. ओळख वाढावी म्हणून ह्यांनी आल्या आल्या त्यांना गुलाबांसाठी खताची एक पिशवी नेऊन दिली. हे आणि ह्यांची बाग, तुला माहीत आहेच. पण चांगुलपणाचे दिवस राहिले नाहीत. त्या दिवसापासून डॉक्टर आम्ही दिसलो की खिडकी लावून घेतात. आणि परवा त्यांनी बोळात चुन्याची रेघ मारली.

आपल्या घराच्या कडेचा तो बोळ त्यांच्या हद्दीत येतो. तिथे भिंत घालून गाडी ठेवायची जागा करायची आहे म्हणे. मग आईने जायचं कुठून? पुढच्या दाराला पायऱ्या, आणि आईची खुर्ची चाकांची. मागचं दार सपाट, पुढे बोळ सपाट. ती आपल्या हाताने चाकं फिरवत एकटी रस्त्यावर जाते, कोपऱ्यावरच्या बसथांब्यापर्यंत. जन्मभर कंडक्टर होती, अजूनही गाड्या वेळेवर सुटतात की नाही ते रोज संध्याकाळी बघून येते. मी म्हटलं, पायऱ्यांवरून आम्ही दोघं उचलून नेऊ. तर म्हणते, "मी काय सामान आहे? सामानाला वेगळं तिकीट पडतं."

वकीलीणबाईंकडे गेले. तुझ्यामाझ्यातलं खरेदीखत त्यांनी वाचलं. त्यात बोळाबद्दल एकच ओळ आहे: 'जाण्यायेण्याची वहिवाट मागील खतात नमूद केल्याप्रमाणे.' मागील खत म्हणजे तुझ्या वडिलांनी, आतोबांनी, हे घर घेतलं तेव्हाचं. त्याची नक्कल काढायला नोंदणी कचेरीत गेले, तर त्या सालचं पुस्तक वाळवीने खाल्लंय. म्हणजे अस्सल कागद मिळाला तरच भिंत अडेल. आपला घरातला व्यवहार, म्हणून तेव्हा कुणी काही तपासलं नाही.

ते जुनं खत तू मला दिलं होतंस का? मला तरी आठवत नाही. लगेच कळव. माझा जीव थाऱ्यावर नाही.

तुझी,
मुंगी


९ फेब्रुवारी

चि. मुंगी,

पत्र मिळालं. तीन ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ चुकलंय. लाल शाईने दुरुस्त करून परत पाठवणार होतो, पण प्रसंग गंभीर दिसतो म्हणून या वेळी सोडून देतो.

घर विकणाऱ्याने मागचे सगळे कागद घेणाऱ्याच्या हवाली करायचे असतात, हे मला कळतं. केलेत. आपलं नवं खत हातात पडलं की लोक जुनी खतं रद्दीत काढतात, आणि मग एखादा शेजारी चुन्याची रेघ मारतो तेव्हा कपाळ बडवतात. मी त्यातला नाही. माळ्यावर उजव्या कोपऱ्यात एक पिशवी आहे. तोंड सुतळीने शिवलेलं, वर ठळक अक्षरात नाव घातलेलं. किल्ल्या देताना मी सांगितलंही होतं, पण तेव्हा तू पडद्यांची मापं घेत होतीस.

नीट शोध. तुझं शोधणं म्हणजे दारातून डोकावणं.

मामीला सांग, वाट तिची आहे आणि तिचीच राहील. इकडे मी मजेत. लेक उत्तम ठेवते. गॅलरी मोठी आहे, फेऱ्या मारायला बरी.

दादा


१६ फेब्रुवारी

दादा,

माळा अख्खा खाली उतरवला. डोकावले नाही, आत शिरले आणि शिंकत बाहेर आले. तुटका पंखा आहे, तुझी छत्री आहे, आतोबांचा बूट आहे, तोही एकच. पिशवी नाही. ह्यांना विचारलं तर म्हणाले, राहायला आलो तेव्हा माळा मीच झाडला, तिथे कागदाचा कपटासुद्धा नव्हता.

काल गवंडी येऊन माप घेऊन गेला. आईने खिडकीतून त्याला विचारलं, "किती विटा लागतील?" त्याने सांगितलं. तेव्हापासून ती गप्प आहे. दादा, आई गप्प बसलेली तू कधी पाहिलीयस? संध्याकाळी थांब्यावरून येते आणि बोळात मध्येच थांबून राहते. मी हाक मारली की म्हणते, "येते गं, उतरणाऱ्यांना आधी उतरू दे."

आता मनातलं लिहिते, राग मान की लोभ मान. मला वाटतं पिशवी तुझ्याकडेच आहे. तू घर विकलंस, पण सोडलं नाहीस. किल्ल्या देताना मागच्या दाराची किल्ली जुडग्यातून सोडवायला तुला केवढा वेळ लागला, आम्ही सगळे दुसरीकडे बघत उभे होतो. त्यानंतर एकदा तरी आलास का? बोलावलं तर गुडघा, बोलावलं तर ऊन. कागद आठवण म्हणून ठेवले असशील तर मी समजू शकते. पण आठवण तुझी आणि भिंत आईच्या नाकासमोर, हे मला चालणार नाही.

मला हे घर दिवाणखान्यासाठी नको होतं. आईला कुणाच्या हातापाया न पडता बाहेर जाता यावं, एवढ्यासाठी घेतलं. ते तुला माहीत होतं. पाठवून दे.

मुंगी


२२ फेब्रुवारी

मुंगी,

तुझा आरोप वाचला. छपाईची चूक असेल म्हणून पुन्हा वाचला. चूक नव्हती.

मी आलो नाही, कारण मला यायचं नव्हतं. ते माझं मी बघेन. पण दुसऱ्याच्या घराचे कागद उशाला घेऊन झोपणारा माणूस मी नाही. लहानपणी तू माझी पेन्सिल चोरायचीस, मी तुझी कधी चोरली नाही.

आता शेवटचं सांगतो, आणि हे मेहुण्यांनाही वाचून दाखव. खताच्या दुकानातून मी मुद्दाम निळी जाड पिशवी आणली, कारण त्या पिशवीत ओल शिरत नाही. कागद दोन फळ्यांच्या मध्ये बांधले. भोवती कोरडा भुसा दाबून भरला. कसर लागू नये म्हणून डांबराच्या गोळ्या टाकल्या. तोंड शिवलं. आणि वर बोटाएवढ्या अक्षरांत लिहिलं, 'जुने खत'. दोनच शब्द. लेबल म्हणजे निबंध नव्हे.

ही पिशवी माळ्यावर नसेल तर ती कुणीतरी हलवली आहे. कुणी, ते तुझ्या घरात विचार. माझ्याकडे बोट दाखवू नकोस.

दादा


२५ फेब्रुवारी

दादा,

माझ्या थोबाडीत मारून घेते. तुझ्याही मारते.

तुझं पत्र ह्यांना वाचून दाखवलं. भुशापर्यंत हे चहा पीत होते. 'जुने खत' म्हटल्यावर कप खाली ठेवला आणि अगदी बारीक आवाजात विचारलं, "निळी पिशवी म्हणतात का ते?"

डॉक्टरांना दिली ती तीच पिशवी. माळा झाडताना ह्यांना सापडली. खताची पिशवी, वर लिहिलंय जुने खत, आत काहीतरी भुसभुशीत, आणि वास असा उग्र की ह्यांना वाटलं फार कसदार माल असणार. ह्यांनी डॉक्टरांना काय सांगितलं ते ऐक: "जुनं आहे, चांगलं मुरलेलं. तुमच्या उपयोगी पडेल."

ज्या कागदाने डॉक्टरांची भिंत अडली असती, तो आम्ही स्वतः, हसतमुखाने, डॉक्टरांच्या दारात नेऊन ठेवला. आणि मी इकडे तुला चोर ठरवत होते. चुकलं माझं. पण दादा, शहाण्या माणसा, 'घराचे कागद' असं लिहायला तुला काय धाड भरली होती?

हे सकाळपासून कुंड्यांना पाणी घालताहेत. कुंड्या भरून वाहताहेत.

मुंगी


१ मार्च

मुंगी,

आयुष्यभर छापखान्यात बसून दुसऱ्यांच्या चुका काढल्या. लोक म्हणायचे, याच्या नजरेतून मुंगी सुटणार नाही. आणि 'खत' या शब्दाला दोन अर्थ आहेत, एक कचेरीत चालतो आणि एक वाफ्यात, हे मला साठीनंतर तुझ्या पत्रातून कळावं! लेकीला विचारलं, जावयाला नाही. जावयाला सांगितलं असतं तर उरलेलं आयुष्य त्याने मला जेवताना खत वाढलं असतं.

मी आधी खूप हसलो. मग मामी बोळात थांबते ते आठवलं आणि हसू गेलं.

आता डोकं शांत ठेव, म्हणजे तुला जमेल तेवढं. डॉक्टरांनी पिशवी उघडली नसेल अशी आशा आहे. नवीन बिऱ्हाड, दवाखाना, त्यांना गुलाबाकडे बघायला फुरसत कुठली? तशीच दुसरी निळी पिशवी घ्या, तिच्यात खरं शेणखत भरा. मेहुण्यांनी जाऊन म्हणावं, चुकून हलका माल दिला, हा चांगला घ्या आणि तो परत द्या. कागदाचं नाव काढू नये. त्यांना कळलं की या पिशवीत काय आहे, तर ती आपल्याला परत दिसायची नाही.

काय झालं ते लगोलग कळव. मी गॅलरीत फेऱ्या मारून फरशी झिजवतोय.

दादा


८ मार्च

दादा,

तुझी युक्ती तुलाच लखलाभ.

हे गेले. खांद्यावर शेणखताची पिशवी, तोंडावर हसू. डॉक्टरांनी दार अर्धवट उघडलं. ह्यांनी पाठ केलेलं म्हटलं. डॉक्टर म्हणाले, "दुसरं आणलंत? पहिलं पुरेसं होतं. तुम्हाला काय म्हणायचं होतं ते मला पोचलं." आणि दार लावून घेतलं. हे घरी येऊन सांगतात, "त्यांना माल आवडलेला दिसतोय, परत देत नाहीत."

मला रडावं की हसावं कळेना. म्हणजे पिशवी फोडली, वाफ्यात ओतली, संपलं. आतोबांचं खत गुलाबांच्या मुळाशी गेलं. वकीलीणबाईंना सांगितलं तर त्या बराच वेळ चष्मा पुसत बसल्या. म्हणाल्या, दावा लावता येईल, जुने शेजारी साक्षीला मिळाले तर बघू, पण वर्षं जातील. आईकडे वर्षं आहेत का?

आणि आज सकाळी पाया खणायला सुरुवात झाली. मागच्या दारापासून चार पावलांवर आडवा चर. आई दार उघडून बघत बसली होती. मला म्हणाली, "गाडी रद्द झाली की पाटी लावायची असते. निदान पाटी तरी लावा." मग आत गेली आणि भिंतीकडे तोंड करून पडली. पायात चपला तशाच.

तू म्हणतोस डोकं शांत ठेव. मला बसवत नाही, उभं राहवत नाही. भाजी चिरायला घेते आणि दारात जाऊन चर किती लांबला ते बघून येते. तू ये ना रे. साक्षीला म्हणून नाही. मला एकटीला हे बघवत नाही.

मुंगी


१३ मार्च

मुंगी,

येतो. तिकीट काढायला जावई गेला आहे.

मागे एकदा लिहिलं, यायचं नव्हतं म्हणून. का, तेही लिहितो, कारण तू विचारशीलच. इथे मला काही कमी नाही, पण माझं असं काही नाही. पाण्याचा पेलासुद्धा ठेवला तिथे राहत नाही, कुणीतरी उचलून जागेवर ठेवतं. त्या घरात आलो तर मी उंबऱ्यावरून उठणार नाही अशी भीती वाटत होती. आता उठवायला तू आहेस. येतो.

मी पोचेपर्यंत एक कर. त्या डॉक्टरांशी आत्तापर्यंत आपण खत दिलं, चुना बघितला, वकिलीण गाठली. मामी त्या बोळातून जाते, एवढं साधं कुणी सांगितलं का? तुझ्या एकाही पत्रात ते दिसलं नाही. मेहुण्यांना पाठवू नकोस, ते फुलझाडांवर घसरतात. तू स्वतः जा आणि सांग. फार तर नाही म्हणतील.

दादा


१८ मार्च

दादा,

तुझं पत्र आलं तेव्हा मला जायची गरज उरली नव्हती. आई आधीच गेली होती.

त्याचं असं झालं. दोन दिवस पडून राहिल्यावर ती उठली, साडी बदलली, आणि संध्याकाळच्या वेळेला खुर्ची घेऊन मागच्या दारातून बाहेर. मी "अगं चर आहे" म्हणेपर्यंत चराच्या काठाशी पोचलीसुद्धा. मजूर खणत होते. आईने तिचा जुना आवाज काढला, "चला, पुढे सरका, वाट द्या!" अख्खी गल्ली थांबली. मजूर वर बघायला लागले. एकजण म्हणाला, "आजी, उचलून पलीकडे ठेवू का?" आई म्हणाली, "हात लावलास तर बघ."

त्या आवाजाने डॉक्टर बाहेर आले. संध्याकाळी ते नेहमी दवाखान्यात असतात, त्या दिवशी घरी होते. दादा, त्यांनी आईला तोपर्यंत पाहिलंच नव्हतं. खुर्चीकडे बघितलं, आमच्या मागच्या दाराकडे बघितलं, चराकडे बघितलं. मग मजुरांची फळी ओढत आणली, ती अपुरी पडली म्हणून स्वतःच्या कोठीचं लाकडी दार बिजागरीतून काढून आणलं आणि चरावर आडवं टाकलं. आई त्यावरून खडखडत गेली. वळूनही बघितलं नाही. थांब्यावर गाडी आली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर आमच्याकडे आले. हातात निळी पिशवी. फळ्या, भुसा, गोळ्या, सगळं जसंच्या तसं.

ऐक आता. पिशवी त्यांनी त्याच दिवशी उघडली होती. वाफ्यात ओतायला गेले तर भुशातून कागद निघाले. वाचले. त्यांना वाटलं, हे कोटी करताहेत! "जुनं आहे, मुरलेलं, तुमच्या उपयोगी पडेल," असं म्हणून कुणी हसत हसत वहिवाटीचं खत हातात देतं, म्हणजे धमकीच की. म्हणाले, "इतकी बोचरी कोटी माझ्यावर कुणी केली नव्हती. म्हटलं, सरळ येऊन बोलत नाहीत, वर टोमणा मारतात, मग मीही बघतोच." आणि परत दुसरी पिशवी घेऊन हे दारात! ह्यांच्या सात पिढ्यांत कुणी कोटी केली नसेल रे. हे खाली मान घालून म्हणाले, "अहो, मला खरंच खत वाटलं."

डॉक्टरांच्या वकिलाने म्हणे सांगितलं होतं, नक्कल कुठेच नाही, जाळून टाका, कोण विचारणार आहे? डॉक्टर म्हणाले, "काडी पेटवलीसुद्धा होती. हात पुढे जाईना. पण परत आणून द्यायलाही पाय उचलेना. दीड महिना पिशवी पलंगाखाली आणि मी वर, झोप नाही." मला त्यांचा राग यायला हवा होता. आला नाही. माझीही झोप तशीच गेली होती.

भिंत बंद. चर बुजवून देतो म्हणाले, गाडी पुढे लावतील. आणि पिशवी टेबलावर ठेवली.

तर आमच्या मातोश्री काय म्हणाव्यात? "कागद राहू द्या तुमच्याकडेच. मला कागद नको, वाट तेवढी राहू द्या." मी "आई!" म्हणून ओरडलेच. डॉक्टर हसले. पहिल्यांदा हसताना बघितलं, दात चांगले आहेत. म्हणाले, "नको, आजी. मी उद्या घर विकलं तर? पुढच्या माणसाला तुम्ही माहीत नसाल. त्याला कागदच दाखवावा लागेल."

आईचं मन मोठं आहे, माझं नाही. पिशवी मी झटकन उचलली. आतोबांचं खत उघडून वाचलं: 'बोळातून तीन हात रुंदीची वाट घरमालकास व त्याच्या माणसांस निरंतर.' पुन्हा पुन्हा वाचलं. आधी कपाटात ठेवलं, मग गादीखाली, मग परत कपाटात. वकीलीणबाई म्हणतात प्रती काढा आणि अस्सल बँकेच्या तिजोरीत ठेवा. उद्या जाते.

तू तरीही ये. साक्ष लागत नाही म्हणून तिकीट परत करशील, मी तुला ओळखते. उंबऱ्यावर हवा तेवढा बस, मी वरून उडी मारून जात जाईन. पेला ठेवशील तिथे राहील.

आत्ता आई थांब्यावर गेली आहे. यायची वेळ होऊन गेली. बोळ मोकळा आहे, चर बुजलाय, तरी मी दारात उभी राहून पत्र लिहितेय आणि अक्षर वेडंवाकडं येतंय. एवढी धडपड करून तिला वाट मिळवून दिली, आता तिची वाट बघत बसलेय. शेवटची गाडी गेल्याचा आवाजही आला. हे म्हणतात जाऊन बघू का. मी म्हटलं थांबा, थोडं थांबा, तिला आवडणार नाही.

तुझी,
मुंगी

ता. क. आली. इतका उशीर का, विचारलं. म्हणाली, "उगीच. पुढच्या थांब्यापर्यंत गेले होते."